डोकं कोरडं, ओरखडा नको

मंगळवार, ५ जुलै

कातडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज केस किती गळतात ते वहीत लिहीत जा आणि पुढच्या वेळी मला आणून दाखवा. वही आणली. पण केस मोजत बसायला मला वेळ आहे का? पार्लर माझ्या एकटीच्या जिवावर, वर घरात म्हातारी आई आणि पंधराची व्हायला आलेली नात. तेव्हा एकदाच लिहून टाकते: पुष्कळ गळतात. बाकीची पानं कोरी ठेवण्यापेक्षा मनातलं लिहीन म्हणते. बाईंना दाखवायची वेळ आली की एवढंच पान फाडून नेईन.

टाळूवर बिस्किटाएवढा चट्टा पडलाय, गुळगुळीत. बाई म्हणतात क्रीममुळे. म्हणजे केस सरळ करायचं क्रीम, जे मी चौदाव्या वर्षापासून स्वतःच्या डोक्याला लावतेय आणि पार्लर काढल्यापासून आमच्या अर्ध्या विया मेया गावाच्या डोक्याला. ताबडतोब बंद करा म्हणाल्या, नाहीतर तिथे पुन्हा काही उगवायचं नाही. आणि बाईंचं स्वतःचं डोकं कसं? नुसतं पिंजारलेलं, जसं देवाने दिलं तसं ठेवलेलं. अशा बाईला केसांतलं काय कळणार? मला विचाराल तर ही कुणाची तरी दृष्ट आहे, नाहीतर टाकीचं पाणी.

तोवर टोप घातलाय. इथे नाही घेतला, पार राजधानीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन घेतला, जिथे मला काळं कुत्रं ओळखत नाही. सरळ, खांद्यापर्यंत, किंचित लालसर. पार्लरवालीच टकली म्हटल्यावर माझ्या खुर्चीत कोण बसेल? हे कुणाला कळता कामा नये, आईलासुद्धा नाही.

२० ऑगस्टला आमच्या यानिल्काचा पंधरावा वाढदिवस. आमच्याकडे मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नाच्या खालोखाल. तिची आई क्लारिबेल, माझी लेक, न्यूयॉर्कहून झगा पाठवणार आहे, स्वतः येता येत नाहीये बिचारीला. आणि माझी भेट ठरलेली आहे, पोरगी चार वर्षांची असताना माझ्याकडे आली तेव्हापासून ठरलेली: पहिलं क्रीम. एवढं दाट, राठ, हट्टी डोकं आमच्या घराण्यात दुसरं नाही. पंधराव्या दिवशी ते पाठीवर रेशमासारखं सोडून ती वॉल्ट्झ नाचेल आणि सगळ्या बघत राहतील. हे मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलंय की झालेलंच आहे असं वाटतं.

शनिवार, ९ जुलै

आज पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, दोघी दाराच्या पायरीवर, तिघी रोलर लावून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फिरून आल्या. आणि नुरिसचं अर्धं डोकं वाळवून झालं तेवढ्यात लाइट गेली. उजवी बाजू सपाट, डावी बाजू छत्रीसारखी. जनरेटरमध्ये डिझेल नाही. नुरिस म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बायको, गल्लीतली बातमी तिच्या काउंटरवरून जाते. ती म्हणाली, मी हलत नाही, मला अशी बाहेर पाठवलीस तर नवरा मला फक्त उजवीकडूनच ओळखेल. दोन तास बसली. हसून हसून पोट दुखलं.

लाइट आल्यावर आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "फियोर, हल्ली तुझे केस काय छान बसतात गं. वाऱ्यानेसुद्धा हलत नाहीत." म्हटलं, नवीन तेल लावते. किती बरं वाटलं. कुणाला पत्ता नाही.

सोमवार, १८ जुलै

सोमवारी पार्लर बंद, म्हणून आजचा दिवस यानिल्काच्या क्रीमसाठी धरला होता. डबा उघडला, हातमोजे चढवले, कानांच्या कडेला लावायला व्हॅसलिन काढलं. बाईसाहेब आल्या त्या डोक्यावरून पाणी ठिबकत. सकाळीच केस धुतले म्हणे.

चौथ्या वर्षापासून पार्लरमध्ये वाढलेली पोर. आकडे शिकली ती टोपलीतले रोलर मोजत. क्रीमचा पहिला नियम तिला झोपेत विचारला तरी सांगेल: डोकं कोरडं, ओरखडा नको. धुतलेल्या डोक्याला लावलं तर कातडी सोलून निघते, खाजवलेल्या डोक्याला लावलं तर आग आग होते. दोन दिवस आधीपासून हात लावायचा नाही. हे मी दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना बजावते, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. म्हणाली, विसरले गं आजी. वय असतं विसरायचं. पुढच्या सोमवारी करू.

सोमवार, २५ जुलै

या वेळी मी लक्ष ठेवलं. शनिवारपासून न्हाणीघराच्या दारात उभी राहून गळ्याखालीच पाणी घे म्हणून ओरडत होते. डोकं कोरडं खडखडीत. खुर्चीत बसवलं, भांग पाडला, आणि बघते तर काय, कातडीवर लाल रेघा. खाजवलंय.

विचारलं तर म्हणाली, झोपेत खाजवलं असेल. उवा झाल्या की काय म्हणून मी खिडकीत नेऊन एकेक बट उलगडून पाहिली. एक नाही. मग आई कुठून तरी आली, काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, डास असतील. म्हटलं, आई, या केसांतून डास आत शिरला तर त्याला बाहेरची वाट सापडायची नाही. दोघी हसल्या. मी नाही हसले. महिनाभरही उरलेला नाही आणि यांना मजा सुचतेय.

पण खिडकीत बट उलगडताना एक गंमत पाहिली. ओढली की थेट कोपरापर्यंत येते, सोडली की टुणकन जाऊन पुन्हा कानाशी बसते. चांगली पाच-सहा वेळा ओढून पाहिली. मग ती म्हणाली, आजी, पुरे.

गुरुवार, २८ जुलै

उवा नसल्या तरी उवांचं औषध आणलं. उशा उन्हात टाकल्या. सगळे कंगवे उकळून काढले. उकळताना माझ्या कंगव्यातून निघालेला पुंजका पाहिला आणि झाकण लावलं.

जेवताना यानिल्का म्हणाली, आपण काळ्या लोकांनी केस लपवायचं कारण काय? हे तिचं हल्ली नवीन. फोनवर काय काय वाचत असते. म्हटलं, काळे कोण? माझं जुनं ओळखपत्र आहे कपाटात, रंगाच्या रकान्यात स्वच्छ छापलंय, "इंडिओ", म्हणजे या बेटावरच्या मूळच्या लोकांच्या रंगाची. तर म्हणते, "आजी, ते मूळचे लोक पाचशे वर्षांपूर्वीच संपवून टाकले. मग आपण कोण?"

म्हटलं, आपण उरलेल्या. भात खा.

आई गालातल्या गालात हसत होती. आईचा रंग कढईच्या बुडासारखा, पण तिच्याही कार्डावर तेच लिहिलंय. सरकारने लिहिलंय म्हणजे काही विचार करूनच लिहिलं असेल ना?

सोमवार, १ ऑगस्ट

या बाईचं, म्हणजे माझ्या आईचं, काय करावं? ऐंशीला टेकली, गल्लीत सगळे अदबीने दोन्या तातिका म्हणतात, आणि करते काय? काल पोरगी ढोल शिकून आली. विया मेयातल्या प्रत्येक पोराला हल्ली काँगो ढोल शिकायचाय. आई तिला म्हणाली, शी, तुझ्या डोक्याला चिचारोनचा वास येतोय, धुऊन टाक. रस्ताभर तळलेल्या डुकराच्या गाड्या, सगळ्या गावालाच तो वास येतो. आजवर कधी म्हटली नाही ती नेमकी कालच म्हटली. आणि पोरीनेही गुणाने उठून धुतले. उलटून बोलायची ती काल एवढी आज्ञाधारक.

म्हटलं, आई, आज क्रीम लावायचं होतं. म्हणाली, अरेच्चा, विसरलेच बाई. आता दोघी विसरायला लागल्या तर मी एकटीने काय काय लक्षात ठेवायचं.

क्लारिबेलचा फोन झाला. झगा निघालाय, सोनेरी आहे. म्हणाली, मम्मी, तिचे केस कधी करतेस, मला इथे फोटो दाखवायचेत, माझ्या मालकिणीला सांगून ठेवलंय की माझी मुलगी राजकन्येसारखी दिसते. म्हटलं, पुढच्या सोमवारी नक्की. शब्द दिलाय.

सोमवार, ८ ऑगस्ट

पेन इतकं दाबतेय की पान फाटेल.

शनिवारपासून पोरीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. रात्री डोकं रुमालाने गच्च बांधलं आणि तिच्या दोन्ही हातांवर तिचेच मोजे चढवले, तान्ह्या बाळाला चढवतात तसे. तिने हात स्वतःच पुढे केले. सकाळी रुमाल सोडला, भांग पाडला, आणि पुन्हा लाल रेघा.

पण या वेळी मी नीट पाहिलं. झोपेत खाजवलेलं असं नसतं. कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ रेघ, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरी. क्रीम लावायच्या आधी मी शेपटीच्या कंगव्याने डोक्याचे चार भाग पाडते, अगदी तेच चार भाग. माझ्याच हाताकडे बघून शिकलेलं काम, आणि काम चोख.

म्हटलं, "हे तू कंगव्याने केलंस."

"हो."

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही."

"अगं पण का? भीती वाटते तर तसं सांगायचं."

ती खुर्चीत वळली. म्हणाली, "नको म्हणून तीनदा सांगितलं, आजी. नवीन वर्षाला सांगितलं, ईस्टरला सांगितलं, माझ्या परीक्षेनंतर सांगितलं. तू माझं ऐकत नाहीस. ओरखड्याचं ऐकतेस."

मला काही आठवेना. तिने सांगितलं असेलही. पार्लरमध्ये ड्रायर चालू असतो.

पुढे म्हणाली, "आणि तुझ्या टोपाखाली काय आहे ते मी पाहिलंय. दुपारी झोपलीस की सरकतो तो. ज्या डब्याने तुझं असं झालं, तोच तू माझ्यासाठी उघडून बसलीस."

मी डब्याचं झाकण लावलं आणि तिला वर जा म्हटलं. सबंध दिवस बंद पार्लरमध्ये एकटीच बसून राहिले. मला तिचा राग आलाय. खरंच खूप राग आलाय.

गुरुवार, ११ ऑगस्ट

तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगते, ती यानिल्काला सांगते. आईला यातून काय आनंद मिळतो देव जाणे, मधे दोन शब्द स्वतःचे घालते.

आज नुरिस ब्लो-ड्रायला आली. मन मोकळं करावं म्हणून सांगितलं, बघ बाई, एवढ्या हौसेने करतेय आणि पोरीने माझी ही अशी फजिती केली. टोपाचं अर्थातच गाळलं. नुरिस ऐकून घेऊन म्हणाली, "पोरगी घाबरली असेल, तुझं ते असं झालेलं पाहून."

विचारलं, कसं झालेलं?

तिने आरशातच माझ्याकडे पाहिलं. "अगं फियोर, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्ही काय आंधळ्या आहोत? पहिल्या दिवशी तू तो उलटा घातला होतास. लेबल पुढे आलं होतं."

माझ्या हातातला ब्लोअर तिच्या कानावर गेला, ती ओरडली. बाकीच्या दोघी गिऱ्हाइकं एकदम मासिकं वाचायला लागल्या, एकीचं उलटं होतं.

महिनाभर. सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी येत होत्या, "केस छान बसतात गं" म्हणत होत्या. हसत असतील घरी जाऊन. पण येतच होत्या ना. म्हटलं, मग कुणी बोललं का नाही? नुरिस म्हणाली, तू लपवत होतीस, मग आम्ही तुला लपवायला मदत केली. शेजारणी कशाला असतात?

रविवार, १४ ऑगस्ट

जेवणानंतर आई मागच्या अंगणात बसली होती, मी भांडी विसळत होते. मला म्हणाली, इकडे ये, तो टोप काढ. काढला. आता कुणापासून लपवायचं.

तिने माझ्या डाव्या कानामागे बोट ठेवलं. तिथे एक चकाकती खूण आहे, पहिल्या क्रीमची. मी तेव्हा चौदाची होते. आग आग झाली म्हणून रडले आणि पार्लरवाली म्हणाली, अजून थोडं, चांगलं लागतंय म्हणूनच जळतंय. हेच वाक्य मीही आयुष्यभर वापरत आलेय, कुठून उचललं ते आज कळलं.

आई म्हणाली, "तुझे केस फार सुंदर होते. माझ्या आईसारखे. सणाला गावात ढोल असले की ती माझ्या कपाळावर बारीक वेण्या घालायची आणि मागे सगळं मोकळं. कशाला हात लावायची गरजच नव्हती."

"मग नेलंस कशाला मला?"

"मी तुझ्या तेव्हाच्या वयाची असताना राजधानीत कामाला राहिले ना, तिथल्या बाईने पहिल्याच दिवशी निखाऱ्यावर कंगवा तापवून माझे केस सरळ केले. म्हणाली, पाहुण्यांसमोर असं डोकं चालत नाही. दुकानात नोकरी लागायची तर पाटीवर लिहिलेलं असायचं, चांगलं दिसणारी हवी. त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. तू पाहुण्यांना वाढणारी व्हावंस असं मला वाटत नव्हतं. दुकानात बसणारी व्हावंस असं वाटत होतं."

मी म्हटलं, दुकानातच तर बसले की. ती म्हणाली, हो, बसलीस खरी, आणि खोकत खोकत हसली. मग म्हणाली, पोरीला पहिल्यांदा कंगव्याची युक्ती मीच सांगितली. चिचारोनचा वाससुद्धा माझाच.

या बाईला काय म्हणावं. रडू आणि हसू मला एकदमच आलं. भांडी तशीच राहिली.

मंगळवार, १६ ऑगस्ट

आज देशाची सुट्टी. पार्लरचं शटर अर्धं खाली ओढलं, यानिल्काला हाक मारली. आठ दिवसांत पहिल्यांदा थेट. म्हटलं, कात्री धर. क्रीमचं जेवढं आहे तेवढं सगळं काप, मुळाशी जे नवीन आलंय तेवढंच ठेव.

ती म्हणाली, आजी, अगदी बोटाच्या पेराएवढंच उरेल.

"उरू दे."

मी आजवर किती डोकी कापली असतील, पण स्वतः खुर्चीत बसल्यावर मुठी आवळल्या गेल्या. ती हळूहळू कापत होती, प्रत्येक बटेला विचारून घेतल्यासारखी. सरळ सरळ केस फरशीवर पडत होते. माझ्या सगळ्या शनिवारांची मेहनत, आणि झाडूने भरल्यावर सुपलीसुद्धा भरली नाही.

मग तिने खुर्ची आरशाकडे फिरवली.

चौदाव्या वर्षापासून मी माझे स्वतःचे केस पाहिलेच नव्हते. दर दोन महिन्यांनी ते मुळाशी डोकावायचे आणि मी त्यांना गप्प करायचे. करडे आहेत. बारीक बारीक स्प्रिंगा, दाणेदार, एकमेकींना धरून बसलेल्या. हात फिरवला तर मऊ. मला वाटत होतं घासणीसारखे असतील, सगळ्यांना मी तेच तर सांगत आलेय. चट्टा दिसतो, पण त्याच्या कडेने थोडी लव आलीये. मी खूप रडले आणि लाज नाही वाटली. यानिल्काही रडली. आई अर्ध्या शटरखालून वाकून आत आली, बघितलं, आणि म्हणाली, आलीस का एकदाची.

मग क्लारिबेलला व्हिडिओ लावला. ती आधी माझ्याकडे बघून किंचाळली, मग फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. मी म्हटलं, तुझ्या मुलीच्या डोक्याला क्रीम लागणार नाही. मालकिणीला सांग, राजकन्या अशीच असते. क्लारिबेल म्हणाली, "मम्मी, मलाही नको होतं तेव्हा. मी सांगितलं होतं तुला."

तेव्हाही ड्रायर चालू असणार.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

कुणी हसू नये. एवढ्या वर्षांची नावाजलेली केशरचनाकार मी, आणि सरळ न करता केसांचं काय करायचं ते मला येत नाही. सकाळपासून तीन वेळा बांधले, तीन वेळा सोडले. एकदा तर पोरगी थेट अननसासारखी दिसायला लागली, तिनेच फोटो काढला.

शेवटी आईने माझ्यामागे खुर्ची घातली. तिची बोटं आता वाकत नाहीत, म्हणून ती सांगत होती आणि मी करत होते. आधी ओले कर. तेल लाव. कंगवा नको, बोटं घाल. घट्ट नको, पोरीला उद्या हसायचंय. कपाळापासून बारीक वेण्या, टाळूपर्यंत, मागे सगळं मोकळं. तिच्या आईची ती ढोलाच्या दिवसाची वेणी. ही वेणी एकट्या आईच्या डोक्यात पडून होती आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

दुपार झाली, उन्हं कलली, आमचं चालूच. मधे नुरिस फुलं घेऊन आली आणि दाराच्या पायरीवरच बसून बघत राहिली. नुरिस आणि काउंटर सोडून, म्हणजे बघा.

रविवार, २१ ऑगस्ट

कालचं लिहायचंय आणि शिंका थांबत नाहीत.

गल्लीतल्या क्लबच्या अंगणात मांडव घातला होता. घेवड्याचा मोरो भात, बटाट्याचं सॅलड, तीन मजली केक. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, आणि प्रत्येकीचं डोकं गुरुवारी नाहीतर शनिवारी सकाळी मीच वाळवलेलं, सपाट, चकचकीत. मधे टोपाशिवाय मी. सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि मग केकचं बोलायला लागल्या. आणि यानिल्का आली. सोनेरी झगा, कपाळावर वेण्या, मागे खांद्यापर्यंत पसरलेलं दाट काळं काहीतरी, त्यात पांढरी फुलं. मी जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणत होते तसं त्यात काहीही नव्हतं. सगळ्या बघत मात्र राहिल्या.

वॉल्ट्झ बापाबरोबर नाचायचा असतो. बापाचा पत्ता नाही, म्हणून तिने माझा हात धरला. अंगणाच्या मध्यावर गेलो, गाणं सुरू झालं, दोन गिरक्या घेतल्या, आणि आभाळ फाटलं.

वाळवून सपाट केलेल्या केसांना पाणी लागलं की ते पुन्हा उसळतात, तेव्हा जे नेहमी होतं तेच झालं. एका क्षणात सगळ्या बायका किंचाळत पडवीत. कुणी टेबलक्लॉथ डोक्यावर घेतलं, कुणी ताटली, नुरिसने केकचं खोकं. आणि मीही पळाले. कशी पळाले मला माहीत नाही, पायच पळाले. पडवीत पोचेपर्यंत माझ्या डोक्यावर बाजाराची पिशवी होती, ती मी कुणाच्या हातातून ओढली हेही कळलं नाही. दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरून मी धापा टाकत उभी.

आणि अंगणात यानिल्का तशीच. हात पुढे केलेला, जिथे मी तो सोडला होता तिथेच. वेण्यांवरून पाणी ओघळतंय, मागचे केस पाण्याने आणखीच फुगून वर येतायत, आणि ती पोट धरून हसतेय. ओरडून म्हणाली, "आजी, काय वाचवतेस?"

मी पिशवीखाली हात घातला. करड्या स्प्रिंगा. ओल्या झाल्या तर काय होणार होतं त्यांचं?

पिशवी नुरिसला दिली आणि बाहेर गेले. स्पीकरवर ताडपत्री टाकली होती, गाणं बंद. तेव्हा आईने पडवीतलं प्लास्टिकचं टेबल स्वतःकडे ओढलं आणि त्या न वाकणाऱ्या हातांनी ढोलाचा ठेका धरला. वॉल्ट्झचा नव्हताच तो. आम्ही त्याच्यावरच नाचलो.

पाऊस डोक्यावर असा लागतो तर. थेट कातडीवर, टपटप, गार. या बेटावर जन्म गेला, वर्षातले सहा महिने पाऊस, आणि मला माहीतच नव्हतं.

सोमवार, २९ ऑगस्ट

पार्लर बंद. सर्दी गेली. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. पान फाडणार नाही, अख्खी वहीच नेईन, वाचू देत काय वाचायचं ते. शनिवारी नुरिस नेहमीसारखी सपाट करायला आली, आणि मी करून दिलं. ती पुन्हा आलीय तर करू की. पण तिने क्रीमचं विचारलं तेव्हा म्हटलं, आधी ड्रायर बंद करते, मग बोलू.

दुपारी यानिल्का खुर्चीत येऊन बसली. वेण्या सोडल्या, भांग पाडला, खिडकीकडे वळवून नीट पाहिलं. सगळ्या रेघा भरून आल्यात. एक ओरखडा नाही. दोन दिवस धुतलेलंही नाही, कोरडं खडखडीत डोकं. क्रीमसाठी याहून चांगलं डोकं मिळायचं नाही, आणि ते तिलाही माहीत होतं. ती डोळे मिटून माझ्या हातात डोकं देऊन बसली होती.

मी तेल लावलं.